कारखान्याच्या पाच सुट्ट्यांत ईद कुठं बसवायची?

हजेरीबुक · उद्यमबाग, बेळगाव · ६ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

डिसेंबर उजाडला की टाइम ऑफिसात माझ्यापुढं एक कागद येऊन पडतो. नवीन वर्षाच्या सुट्ट्यांची यादी. सोळा वर्षं हा कागद मीच भरतोय, आणि खरं सांगायचं तर पंधरा वर्षं मागच्या वर्षीचा बघून तारखा तेवढ्या बदलल्या. यंदा हात अडकला, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना कारखान्याची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्नाटकात १९६३ चा राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांचा कायदा आहे. त्यात पाच दिवस ठरलेलेच: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. त्यांना कुणी हात लावत नाही. (१ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव, आणि इथली मराठी माणसं त्याच दिवशी काळा दिन पाळतात. त्या सायकल फेरीला एवढी गर्दी होते त्याचं थोडं श्रेय राज्योत्सवाच्या पगारी सुट्टीलाही द्यायला पाहिजे, पण तो विषय वेगळा.) वर आणखी पाच सुट्ट्या सणांच्या. कुठल्या घ्यायच्या ते कामगारांशी बोलून ठरवायचं, यादी लेबर इन्स्पेक्टरकडं पाठवायची, एक प्रत बोर्डावर लावायची.

आमचं मशीन शॉप लहान, साठ माणसं. आमचे पाच म्हणजे पाडवा, गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा. कधी ठरले कुणाला ठाऊक नाही. साठातले चौदा मुसलमान. ते ईदला आपल्या शिल्लक रजेतनं एक दिवस टाकायचे आणि मी मुकाट्यानं सही करायचो. मनातल्या मनात मला वाटायचं, बघा मी किती समजूतदार.

यंदा ३१ मार्चला ईद आली. सोमवार, वर्षअखेर, डिस्पॅच तुंबलेला. वरून निरोप आला, आज कुणाचीही रजा मंजूर करायची नाही. चौदातले नऊ जण सकाळची नमाज पढून थेट शिफ्टला आले. अंगात नवे कपडे, वर निळा एप्रन. एकाच्या डोळ्यात सुरमा होता आणि तो लेथवर वाकून थ्रेड कापत होता. ते बघून मला कसंतरीच झालं.

परवा यादीची बैठक झाली तेव्हा त्यातलाच एक जुना ऑपरेटर उठला. बावीस वर्षं नोकरी. म्हणाला, "साहेब, तुमच्या दिवाळीला मी दरसाल दोन दिवस पगारी घरी बसतो. मला त्या दिवशी घरात काम काय? त्यातला एक माझ्या ईदला लावता येतो का बघा की."

कुणी बोललं नाही. मग मागनं एकजण म्हणाला, "म्हणजे आमची दिवाळी एका दिवसाची?" आणि मॅनेजर म्हणाले, "तारीख सांगा आधी. २० मार्च का २१? तारीख नसली तर मी यादीत लिहू काय, चंद्राला विचारून कळवतो म्हणून?" सगळे हसले. तो ऑपरेटरही हसला, पण खाली बसला.

तुमच्याकडं काय करतात? अनुभव सांगा. राजकारण नको.

---

खट्याळ_खानापुरी · ६ डिसेंबर, रात्री १०:१५

राजकारण नको म्हणायचं आणि असला धागा काढायचा, व्वा.

माझं मत सरळ आहे. या देशात सुट्ट्या आधीच उदंड आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, आणि सुट्ट्या वाढवण्यापेक्षा कमी करायची वेळ आलीय. उत्तर प्रदेशानं २०१७ ला एका फटक्यात पंधरा सुट्ट्या रद्द केल्या, त्यात ईद-ए-मिलादही गेली आणि कितीतरी हिंदू महापुरुषांच्या जयंत्याही गेल्या. कुणाचं काय अडलं?

---

कॉलेजरोडचा_काळाकोट · ६ डिसेंबर, रात्री ११:०२

खट्याळराव, निकाल बरोबर सांगितलात, लावलात चुकीच्या जागी. तो खटला सरकारनं २ ऑगस्टची सुट्टी जाहीर करावी म्हणून होता. इथं सरकारकडं नवी सुट्टी कुणीच मागत नाही. ती आहेच. कर्नाटकाच्या राजपत्रात मुस्लिम सणांच्या चार सुट्ट्या येतात: रमजान, बकरीद, मोहरमचा शेवटचा दिवस, ईद-मिलाद. महाराष्ट्रातही हेच चार. केंद्र सरकारच्या सक्तीच्या यादीतही हेच चार. ईद-ए-मिलाद त्यात सगळ्यात धाकटी, १९९० मध्ये व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना आली.

गोंधळ होतो तो "सार्वजनिक" या शब्दामुळं. लोकांना वाटतं सरकारनं सुट्टी जाहीर केली म्हणजे सगळ्यांना सुट्टी. तसं नाही. यामागचा मूळ कायदा १८८१ चा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, म्हणजे हुंडी-चेकचा कायदा! त्याच्या २५ व्या कलमात सार्वजनिक सुट्टीची व्याख्या आहे, आणि ती जाहीर करायचा अधिकार केंद्रानं राज्यांना देऊन ठेवलाय. त्या कलमाला पडलेला प्रश्न एवढाच: हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे? (उत्तर: आदल्या कामाच्या दिवशी.) तिथनं सुरू झालेली यादी आज बँकेला, सरकारी कचेरीला, शाळेला लागते. उद्यमबागेतल्या लेथला लागत नाही. लेथला लागतो हजेरीबुक म्हणतात तो १९६३ चा कायदा, आणि त्यात ईदही नाही आणि दिवाळीही नाही. नुसतं "पाच सण".

म्हणजे कायद्यानं ईद नाकारली नाही. यादी टाइप करणाऱ्यानं ती कधी घातलीच नाही. (हजेरीबुक, राग मानू नका.)

---

हजेरीबुक · ६ डिसेंबर, रात्री ११:२०

राग कसला. बरोबर ठिकाणी लागलं.

---

रविवारपेठ_रिटायर्ड · ७ डिसेंबर, सकाळी ७:०५

३४ वर्षं बँकेत काढली, म्हणून ३१ मार्चचं सांगतो. यंदा आधी बँकांना त्या दिवशी ईदची सुट्टी होती. मग रिझर्व्ह बँकेचा आदेश आला की सरकारी व्यवहार करणाऱ्या शाखा उघड्या ठेवा, वर्षअखेर आहे. हरियाणानं तर ईदची सुट्टी काढून ती ऐच्छिक यादीत टाकली, कारण तेच. चूक की बरोबर ते तुम्ही ठरवा, पण योगायोग कसा होतो ते बघा. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं. आपलंही चांद्रवर्ष तेवढंच, पण आपण दर तीनेक वर्षांनी अधिक महिना घालून गाडी रुळावर आणतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे. हिजरीत अधिक महिना नाही, म्हणून ईद दरसाल अकरा दिवसांनी मागं सरकते आणि तेहतीसेक वर्षांत सगळं कॅलेंडर फिरून येते. २००० साली तर एका इंग्रजी वर्षात दोन रमजान ईद आल्या होत्या, जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या शेवटी एक. त्या वर्षी आमच्या शाखेतल्या कॅशियरनं दोनदा शिरखुर्मा आणला आणि मॅनेजरनं दोन्ही वेळा विचारलं, "गेल्या महिन्यातच झाली ना तुमची?"

सांगायचं असं की ३१ मार्चचा पेच पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत येणार नाही. तेवढ्यासाठी कायमचे नियम बदलू नयेत.

---

निपाणीची_लेक · ७ डिसेंबर, सकाळी ९:३०

धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी मुसलमान, शिक्षण सगळं मराठीतनं, आणि आता एका खाजगी शाळेत मराठीच शिकवते.

तारखेचं आधी सांगते, कारण तुमच्या मॅनेजरना वाटतंय तेवढी ती गंमत नाही. ईद दोनच दिवसांपैकी एक असते, तिसरा दिवस नसतोच. एकोणतिसाव्या रोजाला संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या, नाही दिसला तर परवा. त्या रात्री आमच्या गच्चीवर अर्धी गल्ली असते. खालनं कुणीतरी ओरडतं, "दिक्या क्या?" आणि वर मुलं उगाच दिसला दिसला म्हणून बोंब मारतात. मग कुठल्या तरी मोठ्या गावाहून फोन येतो आणि खरं काय ते कळतं. रात्री नऊपर्यंत कळलेलं असतंच. जगातलं कुठलंही मशीन शॉप रात्री नऊला कळलेल्या गोष्टीवर सकाळची शिफ्ट बदलू शकतं. लाइट गेली तर बदलताच की.

दुसरं. चार सुट्ट्या कागदावर आहेत म्हणून त्या सगळ्यांच्या पदरात पडतात असं नाही. माझी आई विड्या वळायची. हजाराचा हिशोब. पान भिजत घातलं की ते थांबत नाही, सण असो की घरात कुणी आजारी. ईदच्या आदल्या रात्रीही तिच्या मांडीवर सूप असायचं, कारण भिजवलेलं पान वाया गेलं तर ते तिच्याच नावावर. घरी बसून काम करणाऱ्या बाईला सुट्टी म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, एवढाच अर्थ. राजपत्रात काय छापलंय ते तिला कधी कळलंही नाही. आणि हे फक्त आमच्या आईचं नाही, शेजारच्या पाटलांच्या सूनबाईचं लक्ष्मीपूजनही असंच जायचं.

वडील सरकारी नोकरीत होते. त्यांना रमजानमधली शब-ए-कद्र (पवित्र रात्र) किंवा जुमातुल विदा (शेवटचा शुक्रवार) अशा दिवसांसाठी ऐच्छिक सुट्टी मिळायची, वर्षाला दोनच. ते दरवर्षी डायरी घेऊन बसायचे, कुठल्या दोन घ्यायच्या. एकाच घरात एकाला निवडायला सुट्ट्या होत्या आणि एकीला एकही नव्हती.

आणि हात जोडून एक विनंती: मोहरमच्या सुट्टीला "हॅपी मोहरम" पाठवू नका. तो दुखवट्याचा दिवस आहे. दरसाल स्टाफच्या ग्रुपवर तीन-चार गुलाबाची फुलं येतातच.

---

चिकोडीचा_ऊस · ७ डिसेंबर, सकाळी १०:४८

मोहरमवर लिहितो, माझा जिव्हाळ्याचा विषय.

ताई म्हणतात ते शहरात खरं. पण आमच्याकडं मोहरम फक्त मुसलमानांचा कधी नव्हताच. चंद्र दिसला की कुदळ मारायची, अलाव्याचा (आगटीचा) खड्डा काढायचा, पीर (पंजे) बसवायचे. आमच्या घराण्याकडं पंज्याला रेशमी वस्त्र द्यायचा मान आहे आणि आम्ही लिंगायत! घरात चोंगे होतात, मलिदा होतो. कत्तलच्या रात्री, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री, गावात कुणी झोपत नाही. लहानपणी मला फकीर केलं होतं, गळ्यात लाल-पिवळा धागा, दारोदार हिंडून मागायचं. आजीचा नवस होता. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूरला तर मुसलमानाचं घर नाही, तरी मोहरम होतो, पूजाही हिंदू पुजारीच करतो. तिकडं सांगलीजवळ कडेगावला जाऊन ताबूत बघा, मान मोडते वर बघून.

मग मला सांगा, मोहरमची सुट्टी ही "मुस्लिम सुट्टी" कशी? यंदा ६ जुलैला मोहरम रविवारी आला, सुट्टी बुडाली, तर आमच्या गावात सगळ्यात जास्त चडफडले ते हायस्कूलचे लिंगायत-मराठा मास्तर. डोले (ताबूत) उचलायला तेच असतात.

---

खट्याळ_खानापुरी · ७ डिसेंबर, सकाळी ११:१०

चिकोडीकर, गोड लिहिलंय, पण मुद्द्याला बगल दिलीत. साठात शेहेचाळीस विरुद्ध चौदा. सण पाच. प्रमाणात बघितलं तर एक सुट्टी त्यांची होते, मान्य. पण मग काढायची कुठली ते कुणी सांगेना. पाडवा काढता? गणपती काढता? बेळगावात गणपतीची सुट्टी काढून दाखवा, मी बक्षीस देतो.

---

[हा प्रतिसाद व्यवस्थापनानं काढला आहे.] · ७ डिसेंबर, सकाळी ११:३१

---

व्यवस्थापक · ७ डिसेंबर, सकाळी ११:५०

कुणाला कुठल्या देशात जायला सांगायचं असेल तर ते घरी सांगा, इथं नको. पुढं चला.

---

डबलबेल · ७ डिसेंबर, दुपारी २:२०

मी कंडक्टर. आम्हाला सुट्टी हा प्रकारच नाही. सणाला तर जादा गाड्या. पण आमच्या डेपोत हे कोडं कधीच सुटलंय आणि त्याला कायदा लागला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या ड्यूट्या मुसलमान पोरं करतात, ईदला त्यांच्या आम्ही करतो. माझा जोडीदार ड्रायव्हर आणि मी अकरा वर्षं असंच चालवतो. लिहून काही नाही. तो माझी दिवाळीची संध्याकाळची खानापूर फेरी मारतो, मी त्याची ईदच्या सकाळची. अडचण फक्त चंद्राची. म्हणून ठरलेलं आहे: रात्री साडेआठला त्याचा फोन येतो. एकच शब्द, "कल" नाहीतर "परसों". मी कंट्रोलरला कळवतो, तो डायरीत खाडाखोड करतो, झालं.

पण एक सांगतो. गेल्या साली नवीन कंट्रोलर आला. म्हणाला, असलं तोंडी चालणार नाही, अर्ज द्या, चार दिवस आधी. चार दिवस आधी चंद्र कोण दाखवणार? त्या ईदला जोडीदार सकाळी गाडीवर होता आणि मी घरी रिकामा बसलो होतो. अकरा वर्षांची सोय एका माणसाच्या शिस्तीनं मोडली. म्हणून हजेरीबुक, जे काय ठरवाल ते बोर्डावर लिहा. माणसांच्या चांगुलपणावर ठेवू नका, माणसं बदली होऊन जातात.

---

पुण्यातला_बेळगावकर · ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिलोय म्हणून. सरकार मनात आणलं तर सुट्टी किती पटकन देतं ते २२ जानेवारी २०२४ ला बघितलं. अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेची महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी, त्याविरुद्ध विद्यार्थी न्यायालयात गेले, याचिका फेटाळली गेली. त्याच दिवशी कर्नाटकात कचेऱ्या चालू. कागलला कुलूप आणि निपाणीत कामकाज. उलट १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी कागलला आहे, निपाणीला नाही. आपल्या मराठी माणसाला तर कळायला पाहिजे की यादीत आपला सण नसणं म्हणजे काय. शिवजयंतीला अर्धी रजा टाकून मिरवणुकीला गेलोय मी.

आणि तारीख बदलता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी: मुंबईत ईद-ए-मिलादची सुट्टी तीन वर्षं विसर्जनामुळं इकडंतिकडं झाली. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला. मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी घेतला, सरकारनं २९ ची सुट्टी दिली. २०२४ ला सोळाची अठराला नेली, यंदा ५ सप्टेंबरची आठला. बेळगावातही २०२३ आणि २०२४ ला जुलूस पुढच्या रविवारवर नेला. समोरचा आपल्या विसर्जनासाठी सण सरकवतो, आणि आपल्याला एक ओळ टाइप करायला तारीख पक्की पाहिजे.

---

खट्याळ_खानापुरी · ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:२५

शिवजयंतीचं लागलं. हे कबूल.

---

काळीनदी_ते_मनिला · ७ डिसेंबर, रात्री ८:१५

मूळचा कारवारचा, जहाजावर असतो. आमचा अर्धा क्रू फिलिपिनी, त्यातला एक ऑइलर मिंडानाओचा मुसलमान. त्यांच्याकडं कसं ते त्यानं सांगितलं आणि मी नंतर वाचलंही. ख्रिश्चनबहुल देश. १९७७ च्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या संहितेत पाच मुस्लिम सणांना कायदेशीर सुट्टीचा दर्जा दिला, पण मुख्यतः मुस्लिम भागांपुरता. बाहेरच्या भागात मुस्लिम नोकरदाराला त्या दिवशी कामातनं मोकळीक. मग २००२ मध्ये ईद-उल-फित्र सगळ्या देशाची सुट्टी झाली, २००९ मध्ये बकरीद. म्हणजे आधी "तुमची सुट्टी", मग "सगळ्यांची सुट्टी". मधे पंचवीस वर्षं गेली.

आपल्याकडं उलटं झालंय. देशपातळीवर सगळ्यांची सुट्टी आधीपासून आहे, आणि नेमकं ज्याला हवी त्याला कारखान्यात नाही.

---

कॉलेजरोडचा_काळाकोट · ७ डिसेंबर, रात्री ९:००

छान मुद्दा. आणि याला धरून मॅनेजरसाहेबांच्या चंद्राचं उत्तर: कर्नाटक सरकारच्या सुट्ट्यांच्या अधिसूचनेखालीच टीप असते. मुस्लिम सण जाहीर तारखेला आला नाही, तर मुस्लिम कर्मचाऱ्यांना जाहीर दिवसाऐवजी प्रत्यक्ष सणाच्या दिवशी सुट्टी देता येईल. सरकारला जी टीप छापायला लाज वाटत नाही ती तुम्हाला का वाटावी? २१ मार्च लिहा, पुढं कंसात "चंद्रदर्शनानुसार" घाला, तारीख बदलली तर इन्स्पेक्टरला पत्र द्या.

आणि काम अगदीच अडलं तर कायद्यात सोय आहे. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार, नाहीतर त्या दिवसाचा पगार आणि बदली पगारी सुट्टी. ३१ मार्चला ईद यादीत असती, तर ते नऊ जण एकतर दुप्पट पगार घेऊन गेले असते, नाहीतर सुट्टी पुढं वापरली असती. रजा नाकारली म्हणून काही मिळालं नाही. फरक इथं पडतो.

---

रविवारपेठ_रिटायर्ड · ८ डिसेंबर, सकाळी ६:५०

अहो, तुम्ही सगळे दिवाळीच्या दोन दिवसांवर भांडताय, कुणी २०२६ चं कॅलेंडर उघडलं का? लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. वार बघा. रविवार.

---

हजेरीबुक · ८ डिसेंबर, सकाळी ७:१५

आईशप्पथ.

आमची साप्ताहिक सुट्टी रविवारचीच. म्हणजे लक्ष्मीपूजन यादीत घालून एक सुट्टी फुकट घालवत होतो! १ नोव्हेंबरही रविवारीच येतोय, पण त्याला हात लावता येत नाही.

---

निपाणीची_लेक · ८ डिसेंबर, सकाळी ७:४०

रिटायर्ड काका, तुम्हाला यंदा शिरखुर्मा माझ्याकडनं.

---

डबलबेल · ८ डिसेंबर, सकाळी ८:०५

बोर्डावर लिहा. विसरू नका.

---

हजेरीबुक · २९ डिसेंबर २०२५, रात्री १०:३०

काय झालं ते सांगायला आलोय.

परत बैठक घेतली. कॅलेंडर टेबलावर ठेवलं आणि ८ नोव्हेंबरवर बोट. हसले सगळे. मागचा तो दिवाळीवाला म्हणाला, "मग द्या की ओ, आमचं काय जातंय." मॅनेजरनी अधिसूचनेखालची टीप दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग म्हणाले, घाला.

यादी अशी गेली: १९ मार्च गुरुवार पाडवा, २१ मार्च शनिवार रमजान ईद (चंद्रदर्शनानुसार), १४ सप्टेंबर गणेश चतुर्थी, २० ऑक्टोबर दसरा, १० नोव्हेंबर बलिप्रतिपदा. खाली टीप. ईद शुक्रवारी आली तर शनिवारी काम चालू. मध्ये एक दिवस कामाचा आणि दोन्हीकडं सुट्टी, म्हणून फौंड्रीवाले आमच्या नावानं ओरडतायत ते वेगळं.

कागद टाइप करून झाल्यावर मी स्वतः बोर्डावर लावला. चार टाचण्या. जुन्या यादीचा पिवळा डाग खाली तसाच राहिलाय, नवा कागद थोडा लहान पडला.

तो जुना ऑपरेटर शिफ्ट सुटल्यावर आला. चष्मा कपाळावर, बोट ओळीवर ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. चांगलं झालं म्हणाला. गेटपर्यंत गेला आणि परत आला.

"साहेब, सत्तावीसला लक्ष्मीपूजन कुठल्या वारी येतंय?"

मी मोबाइलवर बघितलं. २९ ऑक्टोबर. शुक्रवार.